चेंडू हलला तेव्हा

“अहो… तो चेंडू माझा होता.”

धुक्यातून आवाज आला आणि एफी दचकली. फटका मारून झाला होता, काठी अजून खांद्यावरच होती, आणि चेंडू तर केव्हाच त्या पांढऱ्या अंधारात विरघळून गेला होता. पोर्टकेरनच्या गोल्फच्या मैदानावर हे नेहमीचंच. समुद्रावरून धुकं चढलं की माणूस आधी ऐकू येतो, मग दिसतो.

मग तो दिसला. उंच, खांद्यात जरासा वाकलेला, केसांवर धुक्याचे थेंब आणि ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू.

“तुमचा कसा?” एफी म्हणाली. “माझाच होता. इथेच पडला होता.”

“तुमचा तो बघा, त्या काटेरी झुडपाखाली. मघापासून एकटा बसलाय बिचारा. कुणी न्यायलाच येईना.”

एफी झुडपापाशी वाकली. चेंडूवर लाल ठिपका होता, तिनेच काढलेला. तिच्या कानाच्या पाळ्या अशा तापल्या की त्या धुक्यातही त्याला दिसल्या असतील.

“म्हणजे मी तुमचा चेंडू…”

“मारलात. आणि काय मारलात! सरळ होलजवळच्या हिरवळीवर. मला जन्मात जमला नसता. आभारी आहे.”

“दोन फटके दंड.”

“कुणाला? मला?”

“मला. दुसऱ्याचा चेंडू मारला की दोन फटके.”

“अहो, पण तुम्ही तर एकट्याच खेळताय. मोजणार कोण?”

एफी बालवाडीत शिकवायची. खडू खाल्ला नाही असं सांगणाऱ्या पांढऱ्या ओठांच्या पोराकडे ती जसं बघायची, तसंच तिने त्याच्याकडे पाहिलं.

“मी मोजणार.”

तो हसला, अगदी पोटातून. त्या हसण्याने दोघांमधलं धुकं जरासं सरकलं, असं एफीला उगीचच वाटलं. पुढचे सगळे होल ते बरोबर चालले. त्याचं नाव लॉखलन मॅक्रे. खोल समुद्रातल्या पवनचक्क्यांवर तो काम करायचा, महिना महिना पाण्यावर असायचा. सध्या रजा काढून घरी आला होता, आईसाठी. आईला काय झालंय ते त्याने सांगितलं नाही. एफीने विचारलंही नाही. सांगताना तो ज्या बाजूला बघत होता, तिकडे नुसतं धुकं होतं.

“येतो मग, न्यायाधीशबाई,” निरोप घेताना तो म्हणाला. “उद्या परत माझा चेंडू मारायला याल ना?”

“दंड परवडत नाही हो रोज रोज.”

पण ती गेली. दुसऱ्या दिवशीही गेली आणि नंतरही जात राहिली. ऑक्टोबर लागला, दिवस आखडत चालले, वाळूवरचं गवत तांबूस झालं. आणि ‘तुम्ही’चं ‘तू’ केव्हा झालं, ते दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नसतं.

क्लबात दर शरदात जोड्यांची स्पर्धा भरे. एक बाई, एक पुरुष, आणि दोघांत मिळून एकच चेंडू. एक फटका त्याचा, एक तिचा. तो जिथे नेऊन टाकेल तिथून तिने मारायचं, ती जिथे अडकवेल तिथून त्याने सोडवायचं. गावात म्हण होती, लग्न करण्याआधी जोडीने खेळून बघा, पाद्रीबुवांचे कष्ट वाचतील. जिंकणाऱ्या जोडीला दोन कानांचा चांदीचा पेला मिळे. एक कान तिने धरायचा, एक त्याने, आणि सगळ्यांसमोर एकेक घोट व्हिस्की प्यायची.

“खेळशील माझ्याबरोबर?” लॉखलनने विचारलं.

“तुझे फटके काट्यांत जातात.”

“म्हणून तर विचारतोय. काट्यांतून काढणारी कुणीतरी हवी ना.”

त्याच संध्याकाळी तो तिला घरी घेऊन गेला. त्याच्या आईचा, जेसी मॅक्रेचा, पलंग खालच्या खोलीत, खिडकीशी आणून ठेवला होता. तिथून खेळाच्या मैदानाचा शेवटचा होल दिसायचा, म्हणजे धुकं नसेल तेव्हा. बाई वाळून काटकी झाली होती, पण जीभ शाबूत होती.

“हीच का ती, तुझा चेंडू पळवणारी?” तिने एफीला आपादमस्तक न्याहाळलं. “बरी आहे की. तू तर म्हणालास, मास्तरीण आहे. मला वाटलं चष्मा लावून येईल, हातात छडी घेऊन.”

“आई!”

“तू गप रे. चहा टाक जा. आणि ते स्कोन आण, कालचे आहेत पण चालतील, बाहेरची थोडीच आहे ती.” मग ती एफीकडे वळली. “त्या पेल्याच्या पायी मी आणि ह्याचा बाप अर्धं आयुष्य झिजलो बघ. दर वेळी शेवटच्या फेरीत जायचो आणि हरून यायचो. नवरा म्हणायचा, जेसी, पुढच्या वर्षी. त्याची पुढची वर्षं संपली. आता माझी…” ती खिडकीबाहेर बघत गुणगुणली, कोळणींच्या जुन्या चालीत, श्वास घेत घेत –

*धुकं आलं दारी, दिवा ठेव गं खिडकीला*
*घरचा येईल कसा, वाट दिसंना होडीला*

फाटकापाशी लॉखलन थांबला. वाऱ्याने त्याचे डोळे ओले झाले होते… वाऱ्यानेच असेल.

“डॉक्टर म्हणतात, नाताळ बघणार नाही ती.” त्याने एफीचा हात धरला. पहिल्यांदाच. “मला तिला त्या पेल्यातला एक घोट पाजायचाय, एफी. बाकी मला काही नको.”

बाकी काही नको… एफीने ते शब्द घरापर्यंत उराशी धरून नेले. त्याला अजून काहीतरी हवं असावं, असं तिला किती वाटत होतं! पण मरणाच्या दारात आपलं मागणं कसं मांडायचं? हाताची ऊब मात्र रात्रभर गेली नाही.

आणि खरंच ते जिंकत गेले. तो काट्यांत टाकायचा, ती काढायची. ती वाळूच्या खड्ड्यात टाकायची, तो काढायचा. जोडीच्या खेळात एक रीत आहे – जोडीदाराला ‘चुकलं माझं’ म्हणायचं नाही, काहीही झालं तरी. चुकलेल्याला ठाऊक असतंच, म्हणायचं कशाला! ती रीत एफीला फार आवडायची. न बोलता दिलेली माफी घराच्या किल्लीसारखी, असं तिला वाटे.

शेवटच्या फेरीला समोर होते दंतवैद्य प्रिंगल आणि त्यांची बायको. दिवस असा की सकाळ झालीच नव्हती. धुकं, वर थंडी, आणि दूर कुठेतरी सील प्राण्यांचं भुंकणं. शेवटच्या होलवर आले तेव्हा दोन्ही जोड्या बरोबरीत होत्या. लॉखलनचा पहिला फटका डावीकडे गेला, उंच ओल्या गवतात.

“काढतेस ना?” तो म्हणाला आणि पुढे चालू लागला.

चेंडू गवताच्या पात्यावर तोलून बसला होता, झोपाळ्यावर पोर बसावं तसा. एफीने पाय रोवले. काठी चेंडूमागे टेकवली. गवत दबलं… आणि चेंडू हलला. अर्धी गिरकी घेऊन पात्यावरून खाली उतरला आणि थांबला.

तिने मान वर केली. प्रिंगल पती-पत्नी मैदानाच्या पार दुसऱ्या अंगाला, दोन राखाडी सावल्या. लॉखलन पुढे गेलेला. धुकं, फक्त धुकं. कुणीही नाही.

एका क्षणात किती काय दिसतं! खिडकीतला पलंग दिसला. चांदीच्या पेल्यावर टेकलेले पातळ ओठ दिसले. फाटकापाशी धरलेला हात दिसला. गप्प बसायचं, एवढंच तर करायचं होतं. जगात ह्याहून सोपं काय असतं?

“चेंडू हलला,” ती मोठ्याने म्हणाली. तिचा तिलाच आवाज परका वाटला. “माझ्याकडून हलला. आमच्यावर एक फटका दंड.”

“काय म्हणालात?” पलीकडून प्रिंगल ओरडले. “आम्हाला तर काही दिसलं नाही बुवा. खात्री आहे का तुमची?”

“आहे.”

तिने चेंडू उचलून जागेवर ठेवला आणि मारला. चांगला बसला, हिरवळीवर गेला. प्रिंगलांचा होल नेटका संपला. बरोबरी राखायची तर लॉखलनला लांबून चेंडू होलमध्ये घालायला हवा होता. तो फटका जिंकायचा झाला असता… जर मधला एक नसता तर. चेंडू कडेवर आला, आत डोकावला, आणि बाजूने निघून गेला.

प्रिंगलांनी टोप्या काढून हस्तांदोलन केलं. मिसेस प्रिंगलने एफीचा हात जरा जास्तच दाबला. लॉखलनने काठ्या गोळा केल्या. त्याने ‘चुकलं माझं’ म्हटलं नाही. तिनेही नाही. रीतच होती. पण आज त्या रीतीची भिंत झाली होती, आणि एफी अलीकडे उभी होती.

“येतो,” तो म्हणाला. न्यायाधीशबाई म्हणाला नाही. वळूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारावर थाप पडली. लॉखलनच होता. दाढी वाढलेली, डोळे खाली.

“आत ये ना… सूप आहे गरम.”

“नको. एफी, मी आईला सांगितलं, आपण जिंकलो.”

तिचा हात दाराच्या कडीवरच राहिला.

“नाव कोरायला पेला दिलाय म्हटलं. दोन-चार दिवस लागतील. दोन-चार दिवसच…” त्याने चौकटीला हात टेकवला. “ती तुला बोलावतेय. सारखी नाव काढतेय. तू काही बोलू नकोस, नुसती मान हलव. एवढं कर माझ्यासाठी.”

“आणि नाही जमलं तर?”

त्याने पायरीवरची वाळू बुटाने सारली. मग म्हणाला, “तर मग मला परत तुझ्याकडे बघवणार नाही.”

धमकी असती तर ती चिडली असती. पण त्याने ते इतकं थकून सांगितलं की तिने खुंटीवरचा कोट घेतला आणि निघाली. दिवे लागले होते, पण उजेड खांबांच्या पायाशीच घुटमळत होता.

जेसी उशांना टेकून बसली होती. केस विंचरलेले, अंगावर चांगली शाल.

“आलीस पोरी? हा म्हणतो, जिंकलात. खरं का?”

लॉखलन दाराच्या चौकटीत उभा. एफीने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने मान हलवली.

“मग सांग की सगळं! कालपासून ह्याला विचारतेय, तर दोन वाक्यांच्या पुढे गाडी जात नाही. जिंकलेला माणूस असा तोंड शिवून बसतो होय? पहिल्यापासून सांग. वारा कुठला होता?”

“वारा नव्हता. नुसतं धुकं.”

“आणि प्रिंगल? टोपी घालून आला होता ना, ती कोंबडीच्या पिसाची?”

एफीला हसू फुटलं. “हो. आणि होलपाशी वाकून असा बघायचा, जशी काही दाढच काढायचीय.”

जेसी हसली, हसता हसता खोकली, आणि हाताने ‘पुढे’ अशी खूण केली. मग एफी सांगत गेली. लॉखलनचा चेंडू दगडावर आपटून कसा परत मैदानात उडाला. सील नेमका मिसेस प्रिंगलच्या फटक्याला कसा भुंकला. खड्ड्यातून मारताना वाळू कशी तोंडात गेली. जेसीचे डोळे मिटलेले, पण बोटं शालीवर हलत होती, प्रत्येक फटक्याबरोबर. ती खेळत होती. त्या खोलीत, त्या पलंगावर, ती सगळी फेरी चालत होती.

“आणि शेवटचा?”

“शेवटचा… लॉखलनने गवतात घातला.”

“डावीकडे. बापावर गेलाय. मग?”

मग. एफीने तोंड उघडलं आणि तिला कळलं की इथून पुढे वाटच नाही. आतापर्यंतचा फटका न् फटका खरा होता, एकातून दुसरा निघालेला. खोटा फटका आता आणायचा कुठून? आणि ही बाई डोळे मिटून तिच्या मागोमाग चालतेय…

“चेंडू हलला,” ती म्हणाली. “मी काठी टेकवली आणि हलला. मी एक फटका दंड घेतला. आम्ही हरलो, मिसेस मॅक्रे. आणि मघाशी मी मान हलवली, ते पण खोटं होतं.”

खोलीत घड्याळ वाजत होतं. जेसीने डोळे उघडले नाहीत.

“किती हलला?”

“अर्धा वळला. पात्यावरून खाली.”

“गवत ओलं असणार.”

“हो.”

“मग हलणारच. तिथे काठी टेकवायचीच नसते, वरच्यावर धरायची. कुणी शिकवलं नाही का तुला?” ती पुटपुटली. मग जरा थांबून, “बरं, पुढे? लॉखलनचा शेवटचा कुठून होता?”

“मी पण पाहिलं होतं.”

लॉखलन बोलला होता. चौकट सोडून तो पुढे आला, पलंगाशी गुडघे टेकून बसला, आणि बाईमाणसासमोर पोराने रडू नये तसा रडायला लागला.

“मी वळून बघत होतो, आई. चेंडू हलताना पाहिला. आणि गप्प राहिलो. तिने पण गप्प बसावं म्हणून देवाची आळवणी करत होतो.” तो एफीकडे वळला. “तू बोललीस तेव्हा मला तुझा राग आला. आणि मग वाटलं, दंड खरा तर माझ्यावर हवा होता.”

जेसीने शालीतून हात काढला आणि लॉखलनच्या डोक्यावर ठेवला.

“माझ्यापायीच गप्प बसलास ना? मग तो दंड माझ्या नावावर घाल, गाढवा. मी तशीही फार खेळणार नाहीये.” मग एफीला म्हणाली, “तू सांग गं. शेवटचा कडेवरूनच गेला ना? कुठल्या कडेवरून?”

त्या रात्री लॉखलन एफीला फाटकापर्यंत पोचवायला आला. फाटक उघडून धरलं, पण हात धरला नाही.

“मला तुझ्यासमोर उभं राहवत नाही,” तो म्हणाला. “तुझ्यामुळे नाही. माझ्यामुळे.”

आणि तो आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. एफी जेसीला भेटायला जायची तेव्हा तो मागच्या दाराने बाहेर पडायचा. जेसी काही विचारायची नाही. तिची बोटं शालीवर हलायची कमी झाली होती. मैदानावर एफी एकदाच गेली, झुडपापाशी उभी राहिली, आणि न खेळताच परतली. बालवाडीतली पोरं तिला विचारायची, ‘बाई, तुम्हाला सर्दी झालीय का?’ ती ‘हो’ म्हणायची.

नोव्हेंबरात, पहाटे, जेसी गेली.

दफनाच्या आदल्या संध्याकाळी लॉखलन एफीच्या दारात उभा होता. काळा कोट बापाचा असावा, बाह्या आखूड पडत होत्या. ती बाजूला झाली. ह्या वेळी तो आत आला, चुलीपाशी बसला, हातातला चहा तसाच निवत राहिला.

“किती दिवस दंड भोगणार होतास?” एफीने शेवटी विचारलं.

“तेच कळत नव्हतं. खेळात बरं असतं गं. एक फटका की दोन, नेमून दिलेलं असतं. तेवढं भरलं की पुढे चालायला मोकळे.” त्याने कप खाली ठेवला. “उद्या शवपेटी उतरवायला दोऱ्या धरायच्यात. डोक्याकडची माझी. पायाकडची… कुणी नाही.”

“तुझा मामा आहे. चुलत भाऊ आहेत.”

“ते कडेच्या दोऱ्या धरतील. पायाकडची मी तुझ्यासाठी ठेवलीय.”

एफीने चुलीतले कोळसे उगाच सारले. “पण ती घरच्या माणसाने धरायची असते, लॉखलन. मी घरची नाही.”

“म्हणूनच विचारायला आलोय.”

चुलीत कोळसा खाली बसला. बाहेर समुद्र त्याच्या जुन्या सवयीने किनाऱ्याला काहीबाही सांगत होता.

“आईने सांगितलं होतं का, असं विचार म्हणून?”

“नाही. तिला मी सगळं खरं सांगितलं शेवटी, पण हे नाही सांगितलं. हे फक्त माझं आहे.” त्याने पहिल्यांदाच वर पाहिलं. डोळे सुजलेले, पण सरळ. “मी परत पाण्यावर जाणार आहे, महिना महिना. मला राग येतो, मी गप्प बसतो. वेळ आली तर खोटंही बोलतो, तू पाहिलंयस. हे सगळं तुला माहीत असताना विचारतोय. धरशील?”

ती उठली, त्याच्या शेजारी जाऊन बसली, आणि निवलेल्या चहाचा कप बाजूला सारून त्याचा हात हातात घेतला. तो किती गार होता…

दुसऱ्या दिवशी टेकडीवरच्या दफनभूमीत पाऊस नव्हता, ऊनही नव्हतं. माणसं काळ्या छत्र्या मिटून उभी होती. पाद्रीबुवांचं वाचून झालं. एकेकाचं नाव पुकारलं गेलं, एकेक पुढे आला. एफीचं नाव आलं तेव्हा मागे कुजबुज झाली आणि विरली.

दोरी जाड होती, काळी, गुळगुळीत. तिने दोन्ही हातांनी धरली. समोर, पेटीच्या दुसऱ्या टोकाला, लॉखलन. खूण झाली आणि वजन हातात आलं. किती थोडं होतं ते! एवढीशी राहिली होती बाई. एफीने त्याच्याकडे बघत बघत दोरी सोडायला सुरुवात केली. तो सैल करी तेवढीच ती करी, तो थांबे तिथे ती थांबे. जेसी सपाट, सावकाश, कुठेही न कलता खाली गेली.

तळ लागला. दोऱ्या ढिल्या पडल्या. बाकीच्यांनी आपापली टोकं खाली टाकली. लॉखलनला टाकता येईना. तो ते टोक मुठीत घेऊन उभाच राहिला.

एफीनेही आपलं टोक टाकलं नाही. माणसं वाट बघत होती, वारा सुटला होता, बोटं बधिर होत होती. ती धरून उभी राहिली… तो सोडेपर्यंत.